जीनोम वाचायला शिकवणारं खारघर

परळचं टाटा रुग्णालय महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. त्याच टाटा मेमोरियल सेंटरचं खारघरमधलं केंद्र, ‘अ‍ॅक्ट्रेक’, मात्र तितकं परिचित नाही. डोंगरापायथ्याच्या सुमारे ६० एकरांच्या आवारात २००२पासून उपचार होतात, संशोधन होतं आणि शिकवणंही चालतं. होमी भाभा राष्ट्रीय संस्थेच्या पीएच.डी.साठी आलेले जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधक, इथे भेटतात, प्रबंधिकेपुरते काही महिने आलेले एम.एस्सी.चे विद्यार्थी भेटतात आणि आपल्या रुग्णालयातून थोड्या काळासाठी शिकायला आलेले डॉक्टरही. त्यांतल्या स्तनाच्या कर्करोगाचा जीनोम वाचायला शिकणाऱ्यांबद्दल मला लिहायचं आहे. यंत्र चालवणं त्यांना लवकर जमतं. यंत्रातून आलेल्या उत्तराला रुग्णासमोर किती वजन द्यायचं, हे जमायला वेळ लागतो.

या शिक्षणाची मुळं जुनी आहेत. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या, हुजूरपागा आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. मग त्या फेलोशिपवर बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वापरल्या जाणाऱ्या ‘हेला’ पेशी १९५१ साली वाढल्या त्या याच गाय यांच्या प्रयोगशाळेत. शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवण्याची विद्या घेऊन रणदिवे परतल्या आणि परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभारली. उंदरांमधल्या स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू यांचा वाटा किती, हे त्या तपासत होत्या. स्तनाच्या आनुवंशिक कर्करोगाशी जोडलेलं बीआरसीए-१ हे जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे, असं मेरी-क्लेअर किंग यांनी दाखवलं ते १९९० साली. त्याच्या कितीतरी आधी एक मराठी बाई हा रोग घराण्यातून उतरतो का, हा प्रश्न घेऊन बसली होती, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. त्यांचं ते केंद्र पुढे टाटा मेमोरियल सेंटरचा भाग झालं आणि खारघरला आलं.

आज नवा ट्रेनी सुरुवात करतो ती गाठीच्या तुकड्यापासून. तो गोठवून ठेवलेला असतो किंवा मेणाच्या ठोकळ्यात. मेणातला डीएनए तुटका असतो, फॉर्मलिनमुळे त्यात खोटे बदलही दिसतात. तुकड्यात कर्करोगाच्या पेशी किती आणि निरोगी किती, हे आधी पॅथॉलॉजिस्टशेजारी बसून पाहावं लागतं. ज्या बाईची गाठ, तिचं रक्तही लागतं. गाठीत आहे पण रक्तात नाही, तो बदल गाठीनं स्वतः कमावलेला. रक्तातही आहे, तो बहुधा जन्मजात. मग लायब्ररी, म्हणजे यंत्राला वाचता येतील असे डीएनएचे तुकडे, तयार करायची, सिक्वेन्सर चालवायचा आणि अक्षरांचा ढीग संगणकावर उतरवायचा. दर अक्षराला गुणवत्तेचा आकडा असतो. ३० म्हणजे हजारात एक चूक. मानवी जीनोम सुमारे तीन अब्ज अक्षरांचा आहे, हे लक्षात घेतलं की हजारात एक हे प्रमाण मुळीच लहान वाटत नाही. म्हणून एकच जागा अनेकदा वाचायची.

खरा कस लागतो पुढे. जन्मजात बदलांचे पाच वर्ग करतात: एका टोकाला नक्की रोगकारक, दुसऱ्या टोकाला निरुपद्रवी आणि मधोमध ‘व्हीयूएस’, म्हणजे अर्थ अजून न लागलेला बदल. बीआरसीए-१मध्ये नक्की रोगकारक बदल असेल तर ऐंशीच्या वयापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७० टक्के असते. अशी बाई निरोगी असतानाच शस्त्रक्रियेचा विचार करू शकते. व्हीयूएसवरून तो निर्णय कुणी घ्यायचा नसतो. पण अहवालात ती तीन अक्षरं दिसली की घरातल्यांची झोप उडते.

आपल्याकडे हा मधला वर्ग मोठा होतो, कारण जगातल्या जनुकीय माहितीसाठ्यांत युरोपीय वंशाचीच माणसं फार आहेत. एखादा बदल आपल्याकडच्या निरोगी माणसांत सर्रास आढळत असेल, तरी साठ्यात तो नसला की संशयित ठरतो. दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचणाऱ्या ‘जीनोम इंडिया’चं मोल मला इथे जाणवतं. ट्रेनीला वंशावळही काढावी लागते. ‘आईकडे कुणाला नाही’ एवढ्यावर बहुतेकजण थांबतात. पण सदोष जनुक वडिलांकडूनही तितकंच येतं. म्हणून मावशीइतकंच आत्याबद्दल आणि वडिलांच्या आईबद्दल विचारायचं. कुणाला आजार कोणत्या वयात झाला, हेही नोंदवायचं. हे संगणकावरची कुठलीही पाइपलाइन शिकवत नाही.

रुग्णालय आणि प्रयोगशाळा एका संस्थेत असली की काय घडतं, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण प्रोजेस्टेरॉनचं आहे. टाटा रुग्णालयाच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी १००० स्त्रियांवर एक चाचणी केली. निम्म्यांना स्तनाच्या शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी प्रोजेस्टेरॉनचं एक स्वस्त इंजेक्शन दिलं. २०११ साली निष्कर्ष आले. सगळ्या स्त्रिया एकत्र धरल्या तर फरक ठोस नव्हता. काखेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत रोग पोचलेल्यांत मात्र फायदा दिसला. तो का दिसला, हा प्रश्न खारघरच्या प्रयोगशाळेत आला. डॉ. अमित दत्त यांच्या गटानं पेशींवर प्रोजेस्टेरॉन टाकून कोणती जनुकं जागी होतात ते पाहिलं. २०१८ साली त्यांनी दाखवलं की एसजीके-१ नावाचं जनुक वाढतं, त्यातून पेशींचं पसरणं मंदावतं आणि हे प्रोजेस्टेरॉनचा ग्राहक (रिसेप्टर) नसलेल्या पेशींतही घडतं. ग्राहकच नाही तिथे संप्रेरकाचा परिणाम कसा, हा पुढचा प्रश्न लगेच उभा राहिला. अशा प्रयोगशाळेत काही महिने काढणाऱ्याला प्रश्न रुग्णाकडून कसा येतो ते दिसतं.

इथे शिकून परत गेल्यावर डॉक्टरच्या जिल्ह्यात कदाचित सिक्वेन्सर नसेल. पण तुकडा नीट जपायला तो सांगेल, रक्ताचा नमुना सोबत घ्यायला लावेल, आत्याबद्दल विचारेल, आणि व्हीयूएसचा कागद घेऊन आलेल्या बाईला, घाईनं काही कापून टाकू नका, दरवर्षी येऊन हा अहवाल पुन्हा तपासून घ्या, असं समजावेल.