बारीक कामाला कोणता एअरब्रश घ्यावा?

मंडळी, गणपतीच्या डोळ्यांभोवतीची छटा देताना हात चुकला, तर अख्खा चेहरा पुन्हा रंगवावा लागतो. म्हणून आम्ही सांगतो, वर वाटी असलेला, म्हणजे ग्रॅव्हिटी-फीड एअरब्रश घ्या. रंग स्वतःच्या वजनानं खाली उतरतो; त्यामुळे १५-२० पीएसआय दाब पुरतो आणि चार थेंबांत काम होतं. खाली बाटली असलेल्याला रंग वर खेचायला जास्त हवा लागते.

नोझल ०.२ मिमी की ०.३? ०.२ ची रेघ केसासारखी येते खरी, पण अॅक्रिलिक जरा दाट झालं की ते तुंबतं. पहिला ब्रश ०.३ चाच घ्या, तोही डबल-अॅक्शन: खटका दाबला की हवा, मागे ओढला की रंग. रंग दुधाइतका पातळ करा, आधी कागदावर मारून बघा. बुबुळाची आखणी मात्र आम्ही अजूनही कुंचल्यानंच करतो.