फी मालकाची, अट दोघांची
जळगावात डाळमिल, चटई आणि ठिबक सिंचनाचे कारखाने आहेत, धुळ्यात यंत्रमाग. इथल्या डिप्लोमाधारकाला पदवी हवी असते आणि मालकाला यंत्र सांभाळणारा जाणकार. म्हणून फीचा भार मालकाने उचलणे हा उपकार नव्हे, दोघांच्याही फायद्याचा व्यवहार आहे. पदवी देणारे विद्यापीठ १९९० पासून जळगावातच आहे. नाशिकच्या मुक्त विद्यापीठामुळे नोकरी सांभाळूनही शिकता येते. मालकाकडे केलेल्या अर्जात कोर्स, एकूण फी आणि कारखान्याला होणारा उपयोग स्पष्ट लिहिला, तर मालकाला विचार करणे सोपे जाते.

‘शिकून तो पुण्याला गेला तर?’ ही मालकाची शंका रास्त आहे. तिचे उत्तर लेखी करारात आहे. विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये किमान तीन वर्षे सेवेची, नाहीतर दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. तिथे प्रश्न नव्या भरतीच्या खर्चाचा होता. प्रत्यक्ष फी भरणाऱ्या मालकाची बाजू त्याहून भक्कम ठरावी. मात्र करार म्हणजे वेठबिगारी नव्हे. मुदत खर्चाच्या मानाने असावी, दर वर्षाच्या सेवेनंतर परतफेडीची रक्कम घटावी आणि मूळ प्रमाणपत्रे कामगाराकडेच राहावीत. एवढे पाळले, तर खानदेशातले हुशार हात खानदेशातच टिकतील.