सुटलेले रोजे आणि पळसाची फुले

शस्त्रक्रियेला आठ दिवस झाले आहेत, टाके ओले आहेत, गोळ्या तीन वेळच्या. अशा माणसाला सहरीला घरचे उठवत नाहीत. कुरआनच्या सूरह बकरात आजारी माणसाला आणि प्रवाशाला मुभा आहे : सुटलेले रोजे बरे झाल्यावर मोजून पूर्ण करायचे. बरे होण्याची आशाच नसेल, तर प्रत्येक रोज्यामागे एका गरजूला जेवण, म्हणजे फिदिया. तरी मन मानत नाही. दुपारची गोळी दाराआड घेतली जाते. लपवण्यासारखे त्यात काय आहे? बायकांना तर हा हिशेब नवा नाही. दरवर्षी त्या सुटलेले रोजे नंतर धरतात.

डॉक्टरांनी चालायला सांगितलेले असते. असरनंतर ऊन उतरले की पोटाला हात धरून गल्लीच्या टोकापर्यंत. चांद्र वर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान, म्हणून रमजान सरकत सध्या फाल्गुनाच्या आसपास आला आहे. पळस, पांगारा, काटेसावर पाने गाळून लालभडक उभे असतात.

"रोजा असून एवढे चालता?" शेजारच्या काकू विचारतात.

"यंदा नाही काकू. डॉक्टरांची मनाई."

"मग थांबा, चहा टाकते."

भर रमजानात, दिवसाउजेडी, ओट्यावर बसून चहा! पहिला घोट घशाखाली उतरायला वेळ लागतो. उद्या पांगाऱ्यापर्यंत जायचे आहे.