महाविद्यालयीन कार्यालयातील संगणक व संचालन प्रणालीचे अद्ययावतीकरण : एक विवेचन

प्रस्तावना :

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या संचालन प्रणालीचा नियमित पाठिंबा संपुष्टात आणला. पाठिंबा संपल्याने संगणक बंद पडत नाही आणि म्हणूनच हा विषय कार्यालयीन कामकाजात मागे पडतो. त्यानंतर आढळणाऱ्या सुरक्षा त्रुटींची दुरुस्ती मात्र विनामूल्य व नियमितपणे मिळण्याची हमी उरत नाही.

विलंब आणि घाई :

मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने एका गंभीर त्रुटीची दुरुस्ती उपलब्ध करून दिली होती. तरीही १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने त्याच त्रुटीचा आधार घेऊन ब्रिटनमधील रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत केले. दोन महिन्यांची दिरंगाई एवढी महाग पडली. याउलट १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा प्रणालीचे सदोष अद्ययावतीकरण एकाच वेळी सर्वत्र पोहोचले आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक ठप्प झाले. भारतातील काही विमानतळांवर तर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. म्हणून प्रथम दोन-तीन संगणकांवर चाचणी व काही दिवसांनी इतरांवर अंमल, हा क्रमच श्रेयस्कर ठरतो. विंडोजच्या प्रो आवृत्तीत मासिक दुरुस्ती ३० दिवसांपर्यंत पुढे ढकलता येते. होम आवृत्तीत धोरण ठरविण्याची ही सोय नसते. खरेदीच्या निविदेत मात्र बहुधा किंमतच पाहिली जाते!

मराठी कार्यालयांची विशेष अडचण :

विंडोज ११ केवळ ६४-बिट स्वरूपात उपलब्ध असून त्यावर जुने १६-बिट प्रोग्रॅम चालत नाहीत. डॉसच्या काळातील वेतन किंवा निकालाचा प्रोग्रॅम एखाद्या संगणकावर अजून चालू असेल, तर तो तेथेच अडतो. युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमधील इतिवृत्ते आणि गुणपत्रके यांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. तो फॉन्ट नव्या संगणकावर नसेल, तर मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. वीस वर्षांपूर्वीचा विद्यार्थी गुणपत्रकाची दुय्यम प्रत मागण्यास येतो, तेव्हाच हे नुकसान लक्षात येते. त्यामुळे श्रेणीवाढीपूर्वी अशा दस्तऐवजांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे, मूळ प्रतही जपणे आणि रूपांतरित जोडाक्षरे मुद्रित प्रतीशी ताडून पाहणे अनिवार्य आहे. हे काम कंटाळवाणे आहे, पण यंत्रावर सोपवून मोकळे होता येत नाही.

जुन्या संगणकांचे काय ?

विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आवश्यक असल्याने अनेक सुस्थितीतील संगणक अपात्र ठरतात. विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा दुरुस्ती संस्थांना ऑक्टोबर २०२८ पर्यंत सशुल्क मिळू शकते. शैक्षणिक परवान्याखाली तिचा दर प्रतिसंगणक पहिल्या वर्षी १ डॉलर, पुढे २ व ४ डॉलर असा जाहीर झाला. व्यापारी संस्थांसाठी पहिल्याच वर्षी तो ६१ डॉलर होता. ही सवलत महाविद्यालयांनी अवश्य विचारात घ्यावी. लिनक्स हाही पर्याय आहे, मात्र प्रिंटर व मराठी टंकलेखन यांची चाचणी आधी व्हावी. ज्या संगणकावर जुना प्रोग्रॅम ठेवणे अपरिहार्यच आहे, तो इंटरनेटपासून तोडावा, त्याला लावायचा पेनड्राइव्ह प्रथम दुसऱ्या संगणकावर तपासावा आणि ही जबाबदारी कोणत्या कर्मचाऱ्याची, हे कार्यालयीन आदेशात नावानिशी नमूद करावे.