माळ्यावरचा व्हिडिओ गेम

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही गावच्या घराचा माळा साफ करायला घेतला. अब्बांच्या इंतकालानंतर तिथे कोणी चढलेच नव्हते. दुबईहून आलेली खोकी, पत्र्याची पेटी, जुन्या चादरी आणि एका चादरीत गुंडाळलेला व्हिडिओ गेम. १९९३ साली अब्बांनी सुट्टीवर येताना तो आणला होता.

"बडे अब्बा, हा भंगारात टाकायचा ना?" धाकट्या भावाच्या मुलाने विचारले.

अम्मी खालून म्हणाल्या, "तुझ्या अब्बानेच बिघडवलाय तो. सरबत सांडलं होतं त्यात."

ही गोष्ट आमच्या घरात तीस वर्षे सांगितली जाते. तेव्हा गेमच्या शेजारी सरबताचा ग्लास आडवा पडलेला आम्हीच पाहिला होता आणि अब्बांना आम्हीच सांगितले होते. दोन वर्षांनी घरी आलेल्या अब्बांनी धाकट्याला एक थप्पड मारली. आठवड्याने ते परत गेले. गेम मात्र कोणी उघडून पाहिला नाही.

पुतण्याला म्हटले, "टाकण्याआधी एकदा पाहू तरी."

असे यंत्र अजून अनेक घरांत पडून असेल, म्हणून आम्ही काय काय केले ते क्रमाने सांगतो. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिली कॉम्प्युटर' बाजारात आणला. मासायुकी उएमुरा यांनी त्याची रचना केली होती. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी आले ते बहुतेक याच यंत्राच्या नकला. त्यांच्या कॅसेटला ६० पिना असतात. अमेरिकेत विकल्या गेलेल्या यंत्राच्या कॅसेटला ७२ पिना असल्यामुळे ती यात बसत नाही.

दुरुस्तीचा पहिला नियम असा की बाहेरून आत जावे. स्क्रू ड्रायव्हर सगळ्यात शेवटी.

सुरुवात अडॅप्टरपासून. त्यावर किती व्होल्ट, एसी की डीसी, आणि पिनेच्या मध्यभागी अधिक की उणे, हे छापलेले असते. ते यंत्रावरच्या खुणेशी जुळले पाहिजे. मूळ जपानी यंत्रात मध्यभागी उणे असते. नकलांमध्ये दोन्ही प्रकार सापडतात. घरातला कुठलाही चार्जर पिन बसते म्हणून लावला, तर चांगले यंत्र जळू शकते. आम्ही मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून मोजले. ९ व्होल्टच्या अडॅप्टरने १२ च्या पुढे आकडा दाखवला तेव्हा पुतण्या घाबरला. पण जुन्या, जड अडॅप्टरवर भार नसताना असा जास्त आकडा येतोच. आकडा आलाच नाही, तर अडॅप्टर उघडू नये, बदलावा. त्यात घरातली २३० व्होल्टची वीज येते.

मग कॅसेट. लहानपणी आपण सगळ्यांनी कॅसेटमध्ये फुंकर मारली आहे. तिने काही साफ होत नव्हते. कॅसेट काढून परत बसवली की पिना नव्या जागी टेकत आणि गेम सुरू होई. श्रेय फुंकरीला मिळे. उलट श्वासातल्या ओलाव्याने पिना काळ्या पडतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळते. कानातल्या कापसाच्या काडीला ते लावून पिना हलक्या हाताने पुसाव्यात आणि पूर्ण सुकू द्याव्यात. चूल किंवा गॅस जवळ नको, ते पेट घेते. खोडरबराने घासू नये, पिनेवरचा मुलामा निघतो.

तिसरा टीव्ही. पिवळी वायर चित्राची, पांढरी आवाजाची. रिमोटने एव्ही निवडावे. चित्र काळेपांढरे आले, तर यंत्र बिघडले असे समजू नये. टीव्हीच्या मेनूत रंगाची पद्धत पाल आहे की एनटीएससी ते बदलून पाहावे. काही नवे टीव्ही या जुन्या यंत्रांचे चित्र घेतच नाहीत, म्हणून दुसऱ्या टीव्हीवर लावून पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

बदकांवर नेम धरायच्या बंदुकीचेही तसेच. ती चपट्या टीव्हीवर चालत नाही आणि त्यात तिचा दोष नसतो. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड टिपतो. जुन्या नळीच्या टीव्हीवर हे त्याच क्षणी घडते, नव्या टीव्हीवर चित्र किंचित उशिरा येते आणि नेम चुकतो. बंदुकीसाठी जुना टीव्ही बाहेर काढलात, तरी त्याचे मागचे झाकण कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणा दाब साठलेला असू शकतो.

हातातला रिमोट नीट चालत नसेल तर काम सोपे असते. स्क्रू काढले की बटणांखाली रबर दिसते आणि त्यावर काळे ठिपके. ते ठिपके आणि खालची पट्टी अलगद पुसली की बहुतेक वेळा बटण चालू लागते. तरीही चालले नाही, तर वायर जिथे रिमोटमध्ये शिरते तिथे आतून तुटलेली असते. मीटरच्या 'बीप'ने ती सापडते.

आमच्या यंत्राचा लाल दिवाच लागत नव्हता. म्हणजे वीज आत पोहोचत नव्हती. अडॅप्टर काढून ठेवला आणि यंत्र उघडले.

झाकणाच्या बाहेर सरबताचा गुलाबी डाग अजून होता. आत मात्र एक थेंबही गेलेला नव्हता. पट्टी कोरडी, फक्त धूळ. पुतण्याने टॉर्च धरून कोपरान्‌कोपरा पाहिला. कॅपॅसिटरची डोकी फुगलेली नव्हती, तपकिरी पाणीही सुटलेले नव्हते.

मग ७८०५ शोधला. तीन पायांचा हा छोटा भाग अडॅप्टरच्या विजेतून नेमके ५ व्होल्ट काढून देतो. अक्षरे आपल्याकडे असताना डावा पाय आत येणाऱ्या विजेचा, मधला उणे, उजवा ५ व्होल्टचा. मीटरची काळी तार मधल्या पायाला लावायची. डावीकडे वीज असून उजवीकडे ५ येत नसतील, तर बहुधा हा भाग गेलेला असतो आणि तो स्वस्तात मिळतो. आमच्या यंत्रात डावीकडेच शून्य होते. पुतण्याने अडॅप्टरची पिन जराशी हलवली आणि आकडा चमकून गेला.

पिन जिथे बसते त्या सॉकेटचा डाग तडकला होता. पायाभोवती केसाएवढी गोल चीर. सरबताने अशी चीर पडत नाही. वायर धरून रोज हिसका देऊन पिन काढली की पडते.

आणि ती तशी आम्हीच काढायचो. रात्री उशिरा अम्मींची चाहूल लागली की वायर ओढून मोकळे व्हायचो. धाकट्याला तर बटणाला हात लावायची परवानगी नव्हती.

चीर बुजवणे पाच मिनिटांचे काम. पुतण्याला लांब बसवले, अडॅप्टर काढला, सोल्डरिंग आयर्न तापवले, थोडी पेस्ट लावली, जुना डाग वितळवून नवा दिला. ज्याला सवय नाही त्याने हे काम टीव्हीच्या मेकॅनिककडून करून घ्यावे. नकली यंत्राची मुख्य चिप काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली असते, ती गेली तर मात्र इलाज नसतो. आमची शाबूत होती. लाल दिवा लागला. मारिओचे संगीत सुरू झाले तेव्हा अम्मी तस्बीह हातात घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या.

शाळेत रोज कोणी ना कोणी तक्रार घेऊन येते: "सर, यानेच मोडलं." बाकाशेजारी जो उभा असतो, त्याचे नाव आधी घेतले जाते. वीस वर्षे शिकवताना आम्हीही अशी किती नावे न उघडता, न पाहता मान्य केली असतील, हा हिशोब त्या दुपारी मनात सुरू झाला आणि अजून संपलेला नाही.

असरनंतर दोहाला फोन लावला. धाकट्याला सगळे सांगितले: सॉकेट, चीर, वायरचा हिसका. माफी मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "भाईजान, अब्बांना आता कोण सांगणार?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. त्यानेच पुढे विचारले, "अम्मींना सांगितलंत?"

"अजून नाही."

"मग आधी त्यांना सांगा."

आम्ही फोन चालूच ठेवला आणि अम्मींच्या शेजारी जाऊन बसलो.