गाडी मागून बसते, तेव्हा आधी काय बघायचं?



आपल्या कितीतरी गटांनी आणि ग्रामसंघांनी आता मालवाहू पिकअप घेतल्यात. गाडी घेताना आपण कर्ज, हप्ता, विमा, ड्रायव्हरचा पगार सगळं बघतो. पण गाडी दोन-तीन वर्षांची झाली की टायर आणि पाट्यांचा विषय निघतो, आणि तिथं आपण म्हणतो, "ते गाडीवाल्यांना विचारा बाई, आपल्याला काय कळतंय त्यातलं!" आम्हीही तेच म्हणत होतो. म्हणून आमच्याकडे काय झालं ते सांगते. त्या निमित्ताने टायरवरचे आकडे कसे वाचायचे तेही बघू.

आमची पिकअप नारायणगावच्या बाजारात टोमॅटो नेते. अधूनमधून माळशेज घाट उतरून कल्याणकडे भाजी जाते. उन्हाळ्यातल्या एका बैठकीत गाडी चालवणारा मुलगा, म्हणजे आमच्याच एका सदस्येचा लेक, म्हणाला, "मावशी, माल भरला की गाडी मागून लई बसती. मागं दोन-दोन पाटे वाढवू, पुढून कीट टाकून उचलून घेऊ आणि चारी टायर मोठे टाकू. गाडी एकदम लेव्हलमध्ये येईल." त्याने मोबाइलवर अमेरिकेतल्या पिकअपचे व्हिडिओ दाखवले. गाड्या दिसायला झकास होत्या. गॅरेजवाल्याने सांगितलेला खर्च आमच्या तीन महिन्यांच्या बचतीएवढा होता. ठराव लिहायला वही उघडली, तेवढ्यात आमच्यातली एक वयस्क सदस्य म्हणाली, "अगं, पण ती बसती कशानं, ते कुणी बघितलं का?"

कुणीच बघितलं नव्हतं.

आधी त्या कीटचं सांगते. पिकअप रिकामी उभी असताना मागून थोडी उंच दिसते. तो दोष नाही, कंपनीने ती मुद्दाम तशी केलेली असते. माल भरला की मागचे पाटे दबतात आणि गाडी जवळपास सपाट होते. अमेरिकेत पुष्कळ लोक पिकअप घरच्या गाडीसारखी वापरतात, माल फारसा भरत नाहीत. त्यांना ती पुढून झुकलेली आवडत नाही. म्हणून पुढच्या स्प्रिंगवर ठोकळा किंवा तत्सम काही बसवून पुढची बाजू दोन-अडीच इंच उचलतात. त्यालाच लेव्हलिंग कीट म्हणतात. पण पुढून उचललेल्या गाडीत माल भरला की मागची बाजू खाली जाते, नाक वर होतं आणि हेडलाइटचा उजेड समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जातो. पुढच्या चाकांचे कोन बदलतात, टायर एका कडेने झिजतो, बॉल जॉइंटवर ताण येतो. रोज माल वाहणाऱ्या गाडीला हे कीट कशाला हवं? तो खर्च आम्ही तिथल्या तिथे खोडला.

राहिले पाटे, टायर आणि वजन. यात वजन सगळ्यात आधी बघायचं, कारण बाकी सगळं त्याच्यावरच ठरतं.

गाडीच्या आरसी कार्डवर दोन वजनं असतात. एक रिकाम्या गाडीचं आणि दुसरं भरलेल्या गाडीचं एकूण. आमच्या कार्डवर १,६०० आणि २,७५० किलो आहे. म्हणजे गाडीत घालायला ११५० किलो. त्यात ड्रायव्हर आणि सोबतचा माणूसही आला. दोघांचे १३० किलो धरले, तर मालाला उरले १०२० किलो. टोमॅटोचं एक कॅरेट रिकाम्या कॅरेटच्या वजनासह २२ किलो धरा. झाले ४६ कॅरेट.

आम्ही भरत होतो ७०.

दुसऱ्या दिवशी भरलेली गाडी वजनकाट्यावर घातली. पावती आली ३,२७० किलोची, म्हणजे ५२० किलो जास्त. खरं सांगायचं तर ती पावती वाचून बैठकीत कुणी बराच वेळ बोललं नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २० हजार रुपये दंड आहे. त्यावर दर जादा टनाला दोन हजार आणि जादा माल उतरवायचा खर्च वेगळा. पण दंड एक वेळ भरता येतो. आम्हाला भीती घाटाची वाटली.

टायरवरचे आकडे

नवा किंवा जुना कुठलाही टायर घ्या, त्याच्या बाजूला आकार छापलेला असतो. आमच्या गाडीला कंपनीने दिलेला आकार १९५/८० आर १५ एलटी असा आहे. १९५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे आतली रिंग १५ इंचाची. एलटी ही अक्षरं मालवाहू गाडीच्या टायरची खूण आहेत, तीही बघायचीच.

आकारापुढे आणखी एक आकडा असतो, भार सांगणारा. आपल्यासाठी सगळ्यात मोलाचा तोच. पण तो सरळ किलोत नसतो, त्याचं कोष्टक आहे. ९४ म्हणजे एक टायर ६७० किलो पेलतो, १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०७ म्हणजे ९७५ आणि १०८ म्हणजे १,००० किलो. कधी १०७/१०५ असे दोन आकडे असतात. मागे एका बाजूला एकच चाक असेल तर पहिला आकडा धरायचा, जोडचाक असेल तर दुसरा.

आता हिशेब करू. गाडी नियमात भरली तर २,७५० पैकी साधारण दोन-तृतीयांश वजन मागच्या चाकांवर येतं असं धरा. ते झालं सुमारे १,८३० किलो, म्हणजे एका टायरवर ९१५. १०७चा टायर ९७५ पेलतो, तर काम भागलं. पण ७० कॅरेट भरले की जादाचा जवळजवळ सगळा भार मागेच जातो. एका टायरवर साडेअकराशेच्या पुढे. हे १०७च्या टायरलाही झेपत नाही.

आणि आमच्या मागच्या चाकांना १०७चे टायर नव्हतेच! गेल्या वर्षी एक टायर फुटला तेव्हा घाईत, स्वस्तात एक जुनी जोडी घेतली होती. रिंगेवर बसली, गाडी चालली, कुणी काही विचारलं नाही. आता बॅटरी लावून वाचलं तर त्यावर २०५/६५ आर १५ आणि पुढे ९४. म्हणजे कारचे टायर. दोन मिळून १,३४० किलो पेलणारे. त्यावर आम्ही वर्षभर घाट चढ-उतार केला. एका टायरच्या आतल्या बाजूला लिंबाएवढा फुगवटा आला होता. आतल्या बाजूला, म्हणून रोज गाडी पुसणाऱ्या पोरालाही दिसला नव्हता.

आणखी एक गंमत कळली. १९५/८०चा टायर जमिनीपासून वरपर्यंत ६९३ मिलिमीटर भरतो आणि २०५/६५चा ६४७. चाक लहान झाल्याने गाडी मागून दोन सेंटिमीटरहून जास्त खाली आली होती. पोराला "बसलेली" दिसत होती त्यातला एक भाग हाच. त्यावर पाटे वाढवून काय उपयोग झाला असता?

मोठे टायर टाकायचं त्याचं म्हणणंही तपासलं. समजा २३५/७५ आर १५ टाकला, तर चाक चार सेंटिमीटरने मोठं होतं. मग मीटर ५० दाखवतं तेव्हा गाडी खरी ५३ने पळत असते. चढाला जोर कमी पडतो, क्लच लवकर जातो. शिवाय मीटरवर १०० किलोमीटर दिसतात तेव्हा गाडी १०६ चाललेली असते, म्हणजे आपला डिझेलचा आणि भाड्याचा हिशेबही चुकतो. दारावरच्या पट्टीवर कंपनीने छापलेला आकार आहे, तोच घ्यावा हे माझं मत.

टायर घेताना तारीखही बघा. बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात. २३२४ असेल तर टायर २०२४ सालच्या २३व्या आठवड्यात बनला. दुकानात तीन-चार वर्षं पडून राहिलेला टायर "नवा" म्हणून गळ्यात मारतात. "भाऊ, तारीख दाखवा" एवढं म्हटलं तरी दुकानदार आतून दुसरा टायर काढतो, हा माझा अनुभव. रबर चढवलेला टायर पुढच्या चाकाला कधीच नको. एकाच एक्सलवर एक नायलॉन, एक रेडियल असंही करू नका. नक्षीच्या खाचेत रबराच्या बारीक उंचवट्याच्या खुणा असतात, १.६ मिलिमीटरच्या. नक्षी झिजून त्या खुणांच्या बरोबरीला आली की टायर संपला. गोटा होईपर्यंत थांबू नये.

हवेचं थोडक्यात. टायरवर छापलेला भार पूर्ण हवा असेल तरच पेलला जातो. उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची पद्धत आहे, ती उलटी आहे. कमी हवेने टायर जास्त मुडपतो, जास्त तापतो आणि फुटतो. सकाळी गाडी निघायच्या आधी, टायर थंड असताना हवा बघायची. पुढची आणि मागची वेगळी असते, दारावरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं.

पाटे वाढवल्याने काय होतं

पाटे वाढवले की गाडीची ताकद वाढते असा सगळ्यांचा समज आहे. खरं म्हणजे फक्त बसणं कमी होतं. ब्रेक तेच, एक्सल तोच, टायर तेच. गाडी पूर्वी बसून सांगायची की आता पुरे, ते सांगणं आपण बंद करतो.

यात एक गोष्ट मला स्वतःला माहीत नव्हती. बऱ्याच पिकअपच्या मागच्या एक्सलजवळ एक छोटी काडी जोडलेली असते. ती ब्रेकच्या एका व्हॉल्व्हला जाते. गाडी मागून जितकी दबेल तितकी ती काडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. रिकाम्या गाडीला कमी ब्रेक, म्हणजे मागची चाकं घसरत नाहीत. आता पाटे वाढवून गाडी दबायचीच थांबली, तर व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. वर भार दीड टनाचा आणि मागचा ब्रेक रिकाम्या गाडीचा! पावसाळ्यात माळशेजच्या धुक्यात उतरणाऱ्या गाडीला हे किती महागात पडेल, विचार करा.

शिवाय येताना गाडी रिकामी असते. कडक पाट्यांची रिकामी गाडी खड्ड्यावर उडते, ओल्या रस्त्यावर मागचं चाक सुटतं. माल भरलेला असताना हादरे बसून खालच्या कॅरेटमधला टोमॅटो फुटतो, तो तोटा वेगळाच. कंपनीची रचना परस्पर बदलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्येही अडकू शकतं आणि अपघात झाला तर विम्यावाला पहिलं तेच शोधतो.

मग पाट्यांकडे बघायचंच नाही का? बघायचं. रिकामी गाडी सपाट जागी उभी करा, साडीचं माप घेतो तो टेप घ्या आणि चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. डावी-उजवी दोन्ही बाजू. फरक दिसला तर एखादा पाटा तुटलाय किंवा थकलाय. आमची उजवी बाजू बोटभर खाली निघाली. वरून दुसरा पाटा चिरला होता. तो तेवढा कंपनीच्या मापाचा नवा टाकला. लोहाराकडे तापवून पुन्हा वाकवायचा सल्ला मिळाला होता. पण नुसतं तापवून वाकवलं की पोलादाचं पाणी जातं आणि पाटा लवकर पुन्हा बसतो. पाटा बदलताना यू-बोल्टही नवे घ्या, जुने ताणलेले असतात. काही दिवस गाडी चालल्यावर ते पुन्हा आवळायला लागतात. हे गॅरेजवाला बहुतेक सांगत नाही, आपण विचारायचं.

शेवटी आमचा खर्च झाला मागचे दोन योग्य टायर, एक पाटा, चार यू-बोल्ट आणि अलाइनमेंटचा. आधी सांगितलेल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी.

अवघड गोष्ट वेगळीच होती. ४६ कॅरेटचा ठराव झाला तेव्हा दोघी-तिघी चिडल्या. "बाकीच्या २४ कॅरेटचं भाडं कोण देणार?" प्रश्न खरा आहे. फेरीमागे कमाई घटते, हप्ता तोच राहतो. सध्या तोडणीचे दिवस वाड्यांमध्ये वाटून घेतलेत आणि तेजी असेल त्या दिवशी मोठी गाडी भाड्याने करतो. ते प्रत्येक वेळी परवडतं असं नाही, आणि त्यावरून अजून दर बैठकीत वाद होतो. तुमच्या ग्रामसंघाने यावर काही वेगळी वाट काढली असेल तर या अंकाच्या पत्त्यावर जरूर लिहा, आम्हाला हवी आहे.

ड्रायव्हर पोरगा आता वजनकाट्याची पावती रोज वहीत चिकटवतो. यू-बोल्ट पुन्हा आवळायची तारीखही त्यानेच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलीय.