शंभर टक्के निकाल आणि मुख्याध्यापकांचे उद्दिष्ट

दहावीचा निकाल जाहीर झाला, की कोल्हापुरात शाळांच्या फाटकांवर आणि चौकाचौकांत अभिनंदनाचे फलक झळकू लागतात. ‘निकाल शंभर टक्के’ ही त्यांवरील सर्वांत ठळक ओळ असते. संस्थेच्या प्रतिष्ठेचा आणि पालकांच्या समाधानाचा हा विषय असल्याने त्यात वावगे काही नाही. परंतु हा आकडा काढताना छेदस्थानी कोणती संख्या होती, हे फलकापुढे उभे राहणारे सहसा विचारत नाहीत. आठवीत शंभर मुले होती आणि दहावीच्या परीक्षेला त्यांतील ऐंशीच बसली, तर शंभर टक्के निकाल हा त्या ऐंशींचा असतो.

उरलेली वीस मुले कोठे गेली? काहींनी गाव बदललेले असते, काहींनी काम धरलेले असते, हे खरे. मात्र नववीतच मुलाला अडकवून ठेवायचे किंवा दहावीला ‘सतरा नंबरचा फॉर्म’ भरण्यास पालकांना सुचवायचे, ही तक्रार राज्यात जुनी आहे. शाळा सुटलेल्यांना खासगीरीत्या परीक्षेला बसता यावे, यासाठी असलेली ही सोय कच्च्या मुलाला शाळेच्या निकालातून वगळण्याची वाटही होऊ शकते. वर्षारंभी मुख्याध्यापकांनी कोणते उद्दिष्ट ठरवले, यावर त्या वीस मुलांचे भवितव्य पुष्कळ अंशी अवलंबून असते.

उद्दिष्ट ठरवल्याने काम सुधारते, हे व्यवस्थापनशास्त्रात सिद्ध झालेले आहे. एडविन लॉक आणि गॅरी लेथम या मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवून दिले, की ‘जमेल तेवढे उत्तम करा’ असे सांगण्यापेक्षा निश्चित आणि थोडे अवघड उद्दिष्ट दिल्यास माणसे अधिक चांगले काम करतात. अर्थात ते उद्दिष्ट त्यांना मनापासून मान्य असले पाहिजे आणि आपण कोठवर आलो, हे त्यांना वेळोवेळी कळले पाहिजे. त्यांच्या अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष शाळांच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. काम नवे व गुंतागुंतीचे असेल, तर अंतिम फळाचे उद्दिष्ट देण्याऐवजी ते काम शिकण्याचे उद्दिष्ट देणे हिताचे ठरते. कोल्हापूरकरांना हे तालमीत पाहायला मिळते. वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी गदेची स्वप्ने दाखवत नाही. तो जोर-बैठका मोजतो, मग एकेक डाव घोटून घेतो.

शाळेने स्वतःचे उद्दिष्ट स्वतः ठरवावे, हा विचार भारतीय शिक्षणात रुजवण्याचा प्रयत्न करणारे एक प्रमुख शिक्षणतज्ज्ञ याच जिल्ह्यातील होते. आजरा तालुक्यातील बहिरेवाडी येथे १९०७ मध्ये जन्मलेले जे. पी. नाईक यांचा गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत मोठा वाटा होता. पुढे १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून त्यांनी काम केले. प्रत्येक शाळेने आपला विकास आराखडा स्वतः तयार करावा, ही ‘संस्थात्मक नियोजना’ची कल्पना या आयोगाने मांडली व नाईकांनी ती पुढेही आग्रहाने लावून धरली. दिल्लीत किंवा मुंबईत आखलेली योजना वर्गापर्यंत पोहोचेतो विरून जाते, हे त्यांनी ओळखले होते. त्याचबरोबर, शाळेचा आराखडा म्हणजे सरकारकडे करायच्या मागण्यांची यादी नव्हे, हेही त्यांनी बजावले. हाती असलेली माणसे, इमारत आणि वेळ यांतून अधिक काय साधता येईल, हा त्यांच्या मते आराखड्याचा गाभा होता. आज अनेक शाळांचे आराखडे चाळले, तर पहिल्याच पानावर संरक्षक भिंत, स्वच्छतागृह आणि संगणक दिसतात. या गोष्टी आवश्यकच आहेत. पण मुले काय शिकणार, हे त्यांत शोधावे लागते.

कायद्याने मात्र ही कल्पना स्वीकारली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील कलम २२ नुसार शाळा व्यवस्थापन समितीने शाळेचा विकास आराखडा तयार करणे अपेक्षित आहे. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. २०१५ मध्ये राज्यात ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला, तेव्हाही प्रत्येक मूल शिकले पाहिजे, हाच हेतू सांगण्यात आला. मुलांना तिसरीपर्यंत समजून वाचता यावे आणि मूलभूत गणित यावे, हे केंद्राच्या ‘निपुण भारत’ अभियानाचे २०२१ मध्ये ठरलेले उद्दिष्ट आहे. वरून उद्दिष्टे येण्यात खंड पडलेला नाही. प्रश्न आहे तो मुख्याध्यापकांच्या टेबलावर त्यांचे काय होते, याचा.

समजा, एका शाळेत पाचवीत ४० मुले आहेत. ‘यंदा वाचन सुधारायचे’ असे शिक्षकसभेत ठरले, तर इतिवृत्तात एक ओळ वाढण्यापलीकडे फारसे काही होत नाही. त्याऐवजी जूनमध्येच प्रत्येक मुलाकडून दुसरीच्या पातळीचा उतारा वाचून घेतला आणि ११ मुले अडखळतात असे आढळले, तर काम समोर दिसू लागते. ही ११ मुले एकाच कारणाने मागे पडलेली नसतात. दोघांच्या घरी कन्नड बोलली जाते. तिघे ऊसतोड मजुरांची मुले आहेत. साखर हंगामात फडावर आणि एरवी गावाकडे, अशी त्यांची शाळा दोन जिल्ह्यांत विभागली जाते. एकाला फळाच दिसत नाही, हे चष्म्याचा नंबर काढेपर्यंत कोणाच्या लक्षात आलेले नसते. आता उद्दिष्ट असे मांडता येते, की दिवाळीपर्यंत या अकरांपैकी सात मुले उतारा वाचतील. त्यासाठी कोणता शिक्षक रोज किती मिनिटे देईल, हे वेळापत्रकात लिहिले जाते. मुख्याध्यापक दर पंधरवड्याला स्वतः बसून मुलांचे वाचन ऐकतात. सहामाहीनंतर न जमलेल्या चौघांसाठी मार्ग बदलला जातो. यात जादा अनुदान लागत नाही. मुख्याध्यापकांचा वेळ तेवढा लागतो, आणि तोच पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती आणि बैठका यांत सर्वाधिक खर्च होतो.

उद्दिष्ट जितके प्रतिष्ठेशी बांधले जाते, तितका त्याचा धोका वाढतो. अमेरिकेत २००२ साली अमलात आलेल्या कायद्याने २०१४ पर्यंत वाचन व गणितात सर्व मुले ठरावीक पातळीवर आणण्याचे बंधन शाळांवर घातले. गुण कमी पडले, तर कारवाई होणार होती. अटलांटा शहरात २०११ मध्ये चौकशीचा अहवाल आला, तेव्हा ४४ शाळांत उत्तरपत्रिकांशी छेडछाड झाल्याचे आणि त्यात १७८ शिक्षक व मुख्याध्यापक गुंतल्याचे निष्पन्न झाले. २०१५ मध्ये अकरा जणांना न्यायालयाने दोषी ठरवले. मुले शिकल्याचा भास त्यांच्या पालकांना वर्षानुवर्षे होत राहिला, ही त्या प्रकरणातील खरी हानी होती.

आपल्याकडे हाच दोष सौम्य रूपात दिसतो. उत्तीर्ण होण्याची रेषा ३५ गुणांवर असेल, तर तीस गुणांच्या आसपास घोटाळणाऱ्या मुलांसाठी जादा तास होतात. नव्वदीतल्या मुलांकडे गुणवत्तेसाठी लक्ष दिले जाते. दहा-बारा गुण मिळवणारा मुलगा मात्र कितीही सुधारून वीसवर गेला, तरी निकालपत्रकात तो नापासच राहतो; त्यामुळे त्याच्यावर वेळ घालवणे शाळेला परवडेनासे होते. म्हणूनच टक्केवारीबरोबर प्रत्येक मुलाने जूनपासून किती मजल मारली, याची नोंद ठेवणे गरजेचे ठरते. आठवीत दाखल झालेल्यांपैकी किती मुले दहावी उत्तीर्ण होऊन बाहेर पडली, हा आकडा तर प्रत्येक माध्यमिक शाळेने फलकावर लावायला हवा. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण लागू करताना शाळेत न येणाऱ्या मुलांचाच हिशेब धरला होता आणि मुलाला न पाठवणाऱ्या पालकाला दंडही ठेवला होता. छेदस्थानी प्रत्येक मूल होते.

एक अडचण उरतेच. उद्दिष्टाला तीन-चार वर्षे द्यावी लागतात आणि तेवढ्यात मुख्याध्यापकांची बदली किंवा सेवानिवृत्ती होते. शाहूवाडी, गगनबावडा, चंदगडच्या डोंगराळ भागांतील लहान शाळांत तर अनेकदा स्वतंत्र मुख्याध्यापकच नसतो. दोन शिक्षकांपैकी एक जण वर्ग सांभाळून कारभार पाहतो. कार्यभार सोपवताना बाके, कपाटे, संगणक यांची यादी काटेकोरपणे तपासून दोघांच्या सह्या होतात. कोणत्या मुलाला अजून वाचता येत नाही आणि त्याच्यासाठी आतापर्यंत काय करून पाहिले, याचे एक पान त्या यादीला जोडले, तर नव्या मुख्याध्यापकांना पुन्हा जूनपासून सुरुवात करावी लागणार नाही.